हार्मोन थेरपीच्या ट्रायलमध्ये भाग घ्यावा का? स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांना पडणारे प्रश्न

‘तुम्ही एका ट्रायलमध्ये बसताय, विचार करून सांगा,’ असं म्हणत डॉक्टर पंचवीस-तीस पानांचं संमतीपत्र हातात देतात. (ट्रायल म्हणजे एखादा उपचार रुग्णांवर पद्धतशीर तपासून पाहणारा अभ्यास.) ते संमतीपत्र घरी आणलं की पहिल्या दोन पानांतच डोकं गरगरतं आणि प्रश्न पडायला लागतात. असे प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकले, म्हणून ते इथे उत्तरांसह मांडले आहेत. तुमच्या रिपोर्टबद्दल मात्र तुमच्या डॉक्टरांचाच शब्द धरा.

हार्मोन थेरपी म्हणजे शरीराला हार्मोन द्यायचे का?

उलट आहे. या उपचाराच्या नावानेच अर्धा घोळ घातला आहे. स्तनाच्या दर चार कर्करोगांपैकी जवळपास तीन असे असतात, ज्यांच्या पेशींवर इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनला धरून ठेवणारे रिसेप्टर असतात. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ‘ईआर पॉझिटिव्ह’ लिहिलेलं असतं ते हेच. अशा गाठीला इस्ट्रोजेन मिळालं की ती वाढते, म्हणून उपचारात तिचं खाद्य तोडायचं असतं. टॅमॉक्सिफेन त्या रिसेप्टरवर स्वतः जाऊन बसतं आणि इस्ट्रोजेनला जागाच देत नाही. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल, एक्सेमेस्टेन ही औषधं पाळी गेल्यानंतरही शरीरातल्या चरबीत वगैरे तयार होणारं इस्ट्रोजेन बनू देत नाहीत. पाळी चालू असलेल्या बाईला अंडाशय शांत करणारी इंजेक्शनं दिली जातात. फुल्वेस्ट्रंट तर रिसेप्टरच मोडून टाकतं.

पाळी गेल्यावर अंगातून वाफा येतात म्हणून जे हार्मोन दिले जातात, ते वेगळंच प्रकरण आहे. ‘हॅबिट्स’ नावाच्या ट्रायलमध्ये स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या काही स्त्रियांना तसे हार्मोन देऊन पाहिले. त्या गटात कर्करोग जास्त प्रमाणात परतताना दिसला आणि डिसेंबर २००३मध्ये ट्रायल थांबवली गेली. त्यामुळे ‘मी आधीच हार्मोनच्या गोळ्या घेते’ असं सांगताना कोणत्या ते नावानिशी सांगा.

ही औषधं तर कित्येक वर्षांपासून आहेत. मग अजून ट्रायल कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

१८९६ साली ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी अंडाशय काढल्यावर स्तनाचा वाढलेला कर्करोग आक्रसल्याचं प्रसिद्ध केलं. तेव्हा इस्ट्रोजेन हा शब्दसुद्धा नव्हता. टॅमॉक्सिफेन १९६२मध्ये तयार झालं ते गर्भनिरोधक म्हणून, आणि त्या कामात ते साफ नापास झालं. १९७३मध्ये ब्रिटनमध्ये ते स्तनाच्या कर्करोगासाठी वापरात आलं. म्हणजे औषध हाताशी होतं, पण ते किती वर्षं घ्यायचं हे कुणालाच माहीत नव्हतं.

पाच वर्षं घेतल्यानंतर आणखी पाच वर्षं घ्यावं का, हे अमेरिकेतल्या एका ट्रायलमध्ये बाराशेच्या आत स्त्रियांवर तपासलं गेलं. फायदा दिसला नाही, आणि १९९०च्या दशकात ‘पाच वर्षं पुरे’ असा शिरस्ता पडला. पुढे ‘अ‍ॅटलस’ ही मोठी ट्रायल झाली. तिच्यात अनेक देशांतल्या १२,८९४ स्त्रिया होत्या. निकाल २०१२च्या अखेरीस आला, तो उलटा होता. ईआर पॉझिटिव्ह स्त्रियांमध्ये पाचव्या ते चौदाव्या वर्षांदरम्यान स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू पाच वर्षांच्या गटात १५ टक्के होते, दहा वर्षांच्या गटात १२.२ टक्के. त्यातही मृत्यूंमधला फरक ठळक झाला तो निदानाला दहा वर्षं उलटल्यावर. लहान ट्रायल खोटी नव्हती. तिच्यात माणसं कमी होती आणि ती लवकर थांबली होती, एवढंच.

हा आजारच संथ आहे. ईआर पॉझिटिव्ह कर्करोग वीस वर्षांनीही डोकं वर काढू शकतो, आणि त्याच्याबद्दलच्या प्रश्नांना उत्तरंही त्याच चालीने मिळतात.

दुसरं म्हणजे सगळ्या ट्रायल ‘अजून एक नवं औषध’ अशा नसतात. कित्येक ट्रायल ‘कमी केलं तर चालेल का’ हे विचारतात, आणि मला त्या जास्त मोलाच्या वाटतात. ‘टेलरएक्स’मध्ये दहा हजारांहून जास्त स्त्रिया होत्या. काखेतल्या लसिका-ग्रंथींपर्यंत आजार पोहोचला नसेल आणि आजार परतण्याचा धोका सांगणाऱ्या, गाठीच्या जनुक-चाचणीचा गुण (स्कोअर) मधल्या पट्ट्यात येत असेल, तर नुसती हार्मोन थेरपी ही केमोसह हार्मोन थेरपीइतकीच चांगली ठरते, असं २०१८मध्ये दिसलं. (पन्नाशीच्या आतल्या काही जणींना मात्र केमोचा थोडा फायदा दिसला.) आज अनेक जणींची केमो टळते ती या स्त्रियांमुळे. इटलीत ५०० स्त्रियांवर टॅमॉक्सिफेनचा नेहमीच्या २०ऐवजी फक्त ५ मिलिग्रॅमचा डोस तीन वर्षं देऊन पाहिला गेला. तोही उपयोगी ठरला, पण पसरू न लागलेल्या, अगदी सुरुवातीच्या विकृतींसाठी. आक्रमक, म्हणजे आजूबाजूच्या भागात शिरलेल्या गाठीवर तो लागू नाही, तेव्हा गोळीचे चार तुकडे करायला जाऊ नका.

फेज एक, दोन, तीन म्हणजे काय?

फेज एकमध्ये डोस किती सोसतो ते बघतात, दोनमध्ये औषध काम करतंय का, आणि तीनमध्ये ते सध्याच्या उपचारापेक्षा सरस आहे का. हार्मोन थेरपीत आणखी एक छोटा प्रकार भेटतो. निदान झाल्यापासून ऑपरेशनपर्यंतच्या दोन-चार आठवड्यांत गोळी देतात आणि आधीचा व नंतरचा तुकडा ताडून गाठीचा जोर कमी झाला का ते पाहतात. अशा ट्रायलमध्ये तुम्हाला स्वतःला फार काही मिळेलच असं नाही. मात्र ऑपरेशन लांबणार नाही ना, एवढं पक्कं विचारून घ्या.

म्हणजे माझ्यावर प्रयोग होणार?

हो, प्रयोग होणार. शब्द टाळून उपयोग नाही. पण तो उघड प्रयोग असतो, आणि तुमच्या लेखी संमतीशिवाय होत नाही. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची तत्त्वं सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्यात ठरलं आहे की भाग घेणाऱ्या माणसाचं हित विज्ञानाच्या हितापेक्षा वर राहील. ट्रायल सुरू होण्याआधी नीतिमत्ता समिती तिचा आराखडा तपासते. मोठ्या ट्रायल चालू असताना एक स्वतंत्र समिती मधूनमधून आकडे उघडून बघते. एका बाजूला स्पष्ट फायदा किंवा स्पष्ट नुकसान दिसलं, तर ती थांबवायला सांगते.

हे कागदावरच राहत नाही. टॅमॉक्सिफेनची सुमारे पाच वर्षं पूर्ण केलेल्या ५,१८७ स्त्रियांना पुढे लेट्रोझोल किंवा बिनऔषधाची गोळी देणारी एक ट्रायल होती. २००३मध्ये लेट्रोझोलचा फायदा इतका स्पष्ट दिसला की ठरलेल्या वेळेआधीच ती उघडण्यात आली, म्हणजे कुणाला कोणती गोळी मिळत होती ते सांगण्यात आलं, आणि बिनऔषधाची गोळी घेणाऱ्या स्त्रियांनाही लेट्रोझोल देऊ करण्यात आलं.

मला नुसती खोटी गोळी मिळाली तर?

ही भीती रास्त आहे, पण बहुतेक वेळा अस्थानी असते. ज्या आजाराला उपयोगी उपचार ठाऊक आहे, त्यात तो काढून घेऊन प्लासिबो, म्हणजे बिनऔषधाची गोळी, देत नाहीत. सर्वांना नेहमीची हार्मोन थेरपी मिळते आणि तिच्या जोडीला एका गटाला नवं औषध, दुसऱ्याला त्याच्यासारखी दिसणारी गोळी. नुसता प्लासिबो येतो तो दोन ठिकाणी. एक म्हणजे नेहमीचा कोर्स पूर्ण झाल्यावर ‘आता पुढे काही द्यावं का’ हा प्रश्न असतो तेव्हा, आणि दुसरं म्हणजे आजार झालेलाच नाही पण धोका जास्त आहे अशा स्त्रियांमध्ये. अमेरिकेत १९९२मध्ये सुरू झालेल्या अशाच एका प्रतिबंधाच्या ट्रायलमध्ये १३,३८८ स्त्रिया होत्या. टॅमॉक्सिफेनमुळे स्तनाचा आक्रमक कर्करोग निम्म्याने कमी होतो हे १९९८मध्ये कळलं ते प्लासिबो घेतलेल्या अर्ध्या स्त्रियांमुळेच. तुमच्या कागदात ‘प्लासिबो’ शब्द शोधा आणि त्याच्या आधी-नंतरचं वाक्य दोनदा वाचा.

कोणता गट मिळणार हे डॉक्टर का ठरवत नाहीत?

कारण डॉक्टरही माणूस आहे. त्याने निवड केली तर तो नकळत धडधाकट रुग्णांना नवं औषध देईल, आणि मग फायदा औषधाचा की प्रकृतीचा हे कधीच कळणार नाही. म्हणून कॉम्प्युटर चिठ्ठी काढतो.

आणि तज्ज्ञांचा अंदाज चुकतोही. ‘अटॅक’ नावाच्या ९,३६६ स्त्रियांच्या ट्रायलमध्ये तीन गट होते. एकाला टॅमॉक्सिफेन, दुसऱ्याला अ‍ॅनास्ट्रोझोल, तिसऱ्याला दोन्ही. दोन औषधं एकत्र म्हणजे दुप्पट ताकद, असं कुणालाही वाटेल. २००२मध्ये निकाल लागला तेव्हा एकटं अ‍ॅनास्ट्रोझोल सरस ठरलं आणि दोन्ही मिळून टॅमॉक्सिफेनपेक्षा काहीच जास्त देत नव्हती. दोन्ही हवीत म्हणून एखादीने हट्ट धरला असता, तर तिच्या पदरात काय पडलं असतं?

मी ट्रायलमध्ये बसते की नाही, हे कशावरून ठरतं?

ईआर, पीआर (प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनचे रिसेप्टर) आणि हर-टू (गाठ वाढवणारं एक प्रथिन) हे तीन रिपोर्ट, आजार कुठवर गेला आहे, आधी काय उपचार झाले, यकृत-मूत्रपिंडाचं काम, आणि रोजची कामं स्वतः करता येतात का. पण खरं घोडं अडतं ते पाळीपाशी. लेट्रोझोलसारखी औषधं एकटी दिली तर पाळी गेलेल्या बाईतच काम करतात. केमोनंतर पाळी थांबली म्हणजे ती कायमची गेली असं नसतं, काही महिन्यांनी परत येऊ शकते. गर्भाशय काढलं असेल तर पाळी येत नाही, पण अंडाशय चालू असू शकतं. म्हणून रक्तातली हार्मोनची पातळी तपासतात. इथे ‘पाळी गेली’ असं मोघम न सांगता शेवटची तारीख, ऑपरेशन झालं असेल तर काय काढलं, हे नीट सांगा.

इतर औषधंही लपवू नका. नैराश्यावरची पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन ही औषधं टॅमॉक्सिफेनचं शरीरात होणारं रूपांतर अडवतात. काढे, चूर्णं, पूरक गोळ्या, सगळं यादीत घाला. ‘ते काय औषध आहे का’ असं म्हणून गाळलेली गोष्टच नेमकी महत्त्वाची निघते.

नाही बसलात तर त्यात तुमचं काही उणं नाही. एका ट्रायलचे निकष दुसरीला लागू नसतात.

पुरुषांना घेतात का?

हा आजार पुरुषांनाही होतो. शंभरात साधारण एक रुग्ण पुरुष असतो आणि त्यांच्यातले बहुतेक ईआर पॉझिटिव्ह असतात. पूर्वी त्यांना सरसकट वगळत. आता अनेक ट्रायल घेतात. विचारायला संकोच नको.

त्रास काय काय होतो?

टॅमॉक्सिफेनने अंगातून वाफा येणं, रात्री घामाने जाग येणं, पांढरं जाणं. क्वचित पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी, आणि पाळी गेलेल्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा थोडा वाढलेला धोका. लेट्रोझोलच्या गटातल्या औषधांनी सांधे धरतात. सकाळी उठल्यावर मूठ मिटत नाही, जिना उतरताना गुडघे बोलतात. हाडं विरळ होतात, म्हणून हाडांची घनता मोजतात. योनीत कोरडेपणा येतो. हे कागदात एका ओळीत उरकलेलं असतं आणि संसारात रोज भेडसावतं. हार्मोन थेरपीला जोडून दिल्या जाणाऱ्या नव्या औषधांपैकी अ‍ॅबेमासिक्लिबने जुलाब होतात, रायबोसिक्लिबने पांढऱ्या पेशी उतरतात.

एका पायाला अचानक सूज, दम लागणं, छातीत दुखणं, पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त जाणं, यातलं काही झालं तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. कागदावर चोवीस तासांचा नंबर असतो, तो लावा.

एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा दिसते. बायका त्रास सांगत नाहीत. ‘सांगितलं तर ट्रायलमधून काढतील’ किंवा ‘एवढं काय त्याचं’. पण तुम्ही सोसलेलं लिहिलं गेलं नाही, तर औषध ‘सोसवणारं’ म्हणून बाजारात येतं आणि तुमच्यानंतरची बाई तेच सोसते. त्रास हीसुद्धा ट्रायलची माहितीच आहे. सांधेदुखीसाठी तर स्वतंत्र ट्रायल झाल्या आहेत. अमेरिकेत २२६ स्त्रियांवर अ‍ॅक्युपंक्चर करून पाहिलं गेलं आणि सहा आठवड्यांत दुखणं काही प्रमाणात उतरल्याचं २०१८मध्ये प्रसिद्ध झालं.

मला मूल हवंय. मग काय?

आधी धोक्याची गोष्ट. टॅमॉक्सिफेन घेताना पाळी अनियमित झाली किंवा थांबली तरी दिवस राहू शकतात, आणि गर्भाला त्यातून इजा होऊ शकते. ट्रायलमध्ये बिनहार्मोनचं संततिनियमन सक्तीचं असतं, त्यामागे हेच कारण.

पण उपचार थोडा थांबवून मूल होऊ देता येईल का, यावरही ट्रायल झाली. ‘पॉझिटिव्ह’ नावाच्या या ट्रायलमध्ये ४२ वर्षांपर्यंतच्या पाचशेवर स्त्रिया होत्या. दीड ते अडीच वर्षं हार्मोन थेरपी घेऊन त्यांनी दोन वर्षांपर्यंत विश्रांती घेतली. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात तीन वर्षांत ८.९ टक्के स्त्रियांमध्ये आजार परतला किंवा दुसऱ्या स्तनात उद्भवला. न थांबलेल्या तशाच स्त्रियांच्या जुन्या नोंदींमध्ये हे प्रमाण ९.२ टक्के होतं. इथे चिठ्ठी काढली नव्हती, कारण ‘तू मूल होऊ दे, तू नको’ असं कॉम्प्युटर कसं सांगणार? आणि तीन वर्षं म्हणजे या आजाराच्या मानाने फार थोडी. तेवढं लक्षात ठेवून आकडे वाचा.

किती वर्षं अडकून पडावं लागेल?

गोळी पाच ते दहा वर्षं, आणि ती बहुतेकदा ट्रायल नसती तरी घ्यावी लागलीच असती. नंतर चौकशी चालू राहते, ती कधी भेट, कधी नुसता फोन. पहिल्या वर्षात फेऱ्या जास्त असतात. गाव बदललं, नंबर बदलला तर कळवा.

मधेच सोडता येतं का?

येतं. कारणही द्यावं लागत नाही आणि पुढच्या उपचारावर परिणाम होता कामा नये, तसं लेखी असतं. फक्त ‘गोळी सोडणं’ आणि ‘ट्रायल सोडणं’ यात फरक आहे. गोळी सोसली नाही तर ती थांबवून नुसती माहिती देत राहता येते. ती माहिती मोलाची असते, कारण गोळी सोडलेल्यांचं पुढे काय झालं हे न कळल्यास निकाल फसवा ठरतो. गुपचूप गोळ्या बंद करून ‘घेते’ असं सांगणं मात्र सगळ्यांत वाईट. आतापर्यंत जमा झालेली माहिती सहसा पुसली जात नाही, हेही ठाऊक असू द्या.

खर्च कोण करतं?

ट्रायलचं औषध आणि ट्रायलपुरत्या जादा तपासण्या साधारणपणे प्रायोजक, म्हणजे ट्रायल घडवून आणणारी कंपनी किंवा संस्था, देतो. नेहमीच्या तपासण्या, प्रवास, बुडालेला दिवस यांचं प्रत्येक ट्रायलमध्ये वेगळं असतं. औषधाने इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार, हा परिच्छेद शेवटच्या पानांत दडलेला असतो. तो तेवढा सापडेपर्यंत कागद खाली ठेवू नका.

आजार हाडांत किंवा यकृतात गेलाय. माझ्यासाठी काही आहे का?

आहे. किंबहुना नवी औषधं आधी इथेच तपासली जातात. हार्मोन थेरपी काही काळ काम करते आणि मग गाठ तिला चकवते. त्याची एक वाट म्हणजे ईएसआर-१ या जनुकातला बदल. तो झाला की रिसेप्टर इस्ट्रोजेनशिवायच चालू राहतो आणि लेट्रोझोलसारखी औषधं हतबल होतात. हा बदल आता रक्ताच्या तपासणीतूनही सापडतो. फुल्वेस्ट्रंटसारखंच रिसेप्टर मोडणारं, पण तोंडाने घ्यायचं एलासेस्ट्रंट हे औषध अशा रुग्णांसाठी जानेवारी २०२३मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. या टप्प्यावरच्या ट्रायलमध्ये बहुतेकदा आजार किती महिने आटोक्यात राहतो ते मोजतात. बरं होण्याचं आश्वासन कुणी देत असेल, तर सावध व्हा.

घरचे ‘नको’ म्हणतात. सही कुणाची लागते?

तुमची. घरच्यांना पुढच्या भेटीला सोबत घेऊन जा, त्यांचे प्रश्न त्यांना विचारू द्या. पण गोळी तुम्ही गिळणार आहात आणि सांधे तुमचे दुखणार आहेत. डॉक्टर नाराज होतील म्हणून ‘हो’ म्हणणं जितकं चूक, तितकंच मुलगा रागावेल म्हणून ‘नाही’ म्हणणं. आणि ‘आजच सही हवी’ असं कुणी म्हणालं तर कागद घरी न्यायचा तुमचा हक्क आहे.

सहीआधी डॉक्टरांना नेमकं काय विचारू?

मी तरी सुरुवात अशी करेन: ‘ट्रायल नसती तर तुम्ही मला काय दिलं असतं?’ या उत्तराशी ताडून बघितल्याशिवाय बाकी कागदाला अर्थ नाही. मग विचारा की या ट्रायलमधला प्रश्न एका वाक्यात काय आहे. डॉक्टरांना तो साध्या मराठीत सांगता आला नाही, तर ट्रायलचं काम बघणाऱ्या समन्वयकाला विचारा. त्यांनाही नाही जमला, तर थांबा. ट्रायलची सार्वजनिक नोंद झाली आहे का आणि नोंदणी क्रमांक काय, हेही घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या पोर्टलवर देशोदेशीच्या नोंदी शोधता येतात. गाठीचा तुकडा आणि रक्त किती वर्षं ठेवणार, त्यावर जनुकांच्या तपासण्या होणार का, आणि त्यात घराण्यात चालणारं काही सापडलं तर तुम्हाला सांगणार का, हे तर हमखास राहून जातं.

शेवटी निकाल मला कळतो का?

आपोआप कळेलच असं नाही, आणि लागतो तो वर्षांनी. साध्या भाषेतला सारांश मिळेल का हे सहीच्या वेळीच विचारून ठेवा. ट्रायल उघडली की आपण कोणत्या गटात होतो हेही मागून घ्या आणि ते फाइलमध्ये लिहून ठेवा. दहा वर्षांनी दुसऱ्या एखाद्या डॉक्टरांसमोर बसाल, तेव्हा ‘कोणती गोळी घेत होता?’ हाच त्यांचा पहिला प्रश्न असेल.